धरण फोडणाऱ्याचें स्मरण

गेल्या हिवाळ्यांत आमच्या पुण्यांतील एका व्याख्यानमालेंत एका तरुण अभियंत्यानें दुसऱ्या महायुद्धांतील विमानांवर उत्तम व्याख्यान दिलें, आणि अखेरीस ‘द डॅम बस्टर्स’ या १९५५ सालच्या इंग्रजी बोलपटांतील कांहीं भाग पडद्यावर दाखविला. सभागृह भरलेलें होतें. चांदण्या रात्रीं जलाशयाच्या पृष्ठभागाला जवळजवळ शिवत लँकॅस्टर विमानें येतात, बाँब पाण्यावरून उड्या घेत धरणाच्या भिंतीकडे धांवतो, एक प्रयत्न फसतो, आणखी एक फसतो, आणि शेवटीं ती प्रचंड भिंत दुभंगून पाण्याचा लोंढा खालच्या खोऱ्यांत कोसळतो. त्या क्षणीं सभागृहांत टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणारांत आमचे विद्यार्थी होते, विद्यार्थ्यांचे आईबाप होते, आणि खरें सांगावयाचें तर आमचेहि हात अर्धवट उचलले गेले होते. पुढें चहाच्या वेळीं आमच्या एका सहाध्यापकांनीं त्या अभियंत्याला गांठलें आणि चार लोकांदेखत सुनावलें कीं, तुम्हीं ज्याचीं स्तोत्रें गाइलींत तो गिब्सन वीर नव्हे. झोपलेल्या बायकापोरांना बुडवून मारणारा खुनी होता तो! अभियंता बिचारा गोरामोरा झाला. लगेच दोन तट पडले, आणि कपबशा उचलून नेल्या तरी वाद संपला नाहीं.

आम्ही त्या दिवशीं गप्प राहिलों. ही आमची प्रकृति नव्हे, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्या संध्याकाळीं आम्हांस दोन्ही पक्षांचा सारखाच राग आला होता, आणि रागाच्या भरांत चहाच्या टेबलाशीं उभे राहून बोलण्यापेक्षां शांतपणें लिहिणें बरें, असा विचार आम्हीं केला. वैमानिकाची पूजा करणारा आणि त्याला फांसावर चढविणारा, हे दोघे एकमेकांचे शत्रू दिसत असले तरी एका गोष्टींत ते सख्खे भाऊ आहेत. मेलेल्या माणसाची गोष्ट अर्धी ऐकून ती पुरी ऐकल्याचें समाधान दोघांनाहि हवें असतें.

आधीं तो मनुष्य कोण होता तें पाहूं. गाय गिब्सन याचा जन्म १२ ऑगस्ट १९१८ रोजीं सिमल्यास झाला. बाप हिंदुस्थानांतील जंगल खात्यांत अधिकारी. मुलाला लहानपणींच विलायतेस पाठविण्यांत आलें, आईबापांचा संसार पुढें मोडला, आणि साम्राज्याच्या नोकरीपायीं ज्या असंख्य इंग्रज मुलांचें बालपण वसतिगृहांत गेलें त्यांतलाच हा एक झाला. १९३६ सालीं तो हवाई दलांत शिरला. युद्ध पुकारलें गेलें त्याच दिवशीं, म्हणजे ३ सप्टेंबर १९३९ रोजीं, तो मोहिमेवर निघाला होता. त्यानंतर बाँबफेकीचीं व रात्रीं लढण्याचीं विमानें मिळून त्यानें दीडशेहून अधिक उड्डाणें केलीं. आणि ज्या दलांत तीस उड्डाणांची एक फेरी जिवंत पुरी करणें हेंच नशीब समजलें जाई, त्या दलांत हा आंकडा काय सांगतो हें निराळें सांगावयास नको. स्वभावानें तो कडक होता, थोडा उर्मटहि होता. जमिनीवर राबणाऱ्या मेकॅनिकांना तो फारसा प्रिय नव्हता, हें त्याचे चरित्रकार लपवीत नाहींत. त्यांनीं तें लपविलें नाहीं म्हणूनच आम्ही त्यांच्या बाकीच्या स्तुतीवर विश्वास ठेवतों.

१९४३ च्या मार्च महिन्यांत लिंकनशायरमधील स्कॅम्प्टन येथें ६१७ क्रमांकाचें नवें पथक उभें राहिलें आणि तें चोवीस वर्षांच्या गिब्सनच्या हातीं दिलें गेलें. काम एकच : जर्मनीच्या रूर प्रांतांतील कारखान्यांना पाणी व वीज पुरविणारीं धरणें फोडणें. बार्न्स वॉलिस नांवाच्या अभियंत्यानें त्यासाठीं चार टनांहून अधिक वजनाचा, पिंपासारखा एक बाँब तयार केला होता. तो विमानाच्या पोटाखालीं उलटा गरगर फिरवीत ठेवावयाचा, आणि पाण्यापासून अवघ्या साठ फूट उंचीवरून सोडावयाचा. म्हणजे, मुलें तळ्यावर चपट्या दगडाच्या भाकऱ्या काढतात तशा उड्या घेत तो जाळ्यांवरून पुढें जाई, भिंतीला भिडून तिच्या कडेनें बुडे आणि खोल पाण्यांत फुटे. साठ फूट ही उंची रात्रीं मोजावी कशी? विमानाच्या पोटाला दोन दिवे असे तिरके बसविले कीं त्यांचे प्रकाशाचे ठिपके नेमके त्याच उंचीवर पाण्यावर एकमेकांस मिळावेत. शत्रूच्या तोफांसमोर दिवे लावून जाणें म्हणजे काय, याचा विचार वाचकांनींच करावा.

१६ मेच्या रात्रीं एकोणीस विमानें आणि १३३ माणसें निघालीं. म्योन धरणावर पहिला बाँब गिब्सननें टाकला. तो भिंतीपर्यंत पोंचला नाहीं. दुसरें विमान तोफांच्या माऱ्यांत पेटून कोसळलें. त्यानंतर गिब्सननें जें केलें त्यामुळें त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि आमच्या मतें तो योग्य मिळाला. स्वतःचा बाँब संपलेला असतांना, परत फिरण्यास कोणाचीहि आडकाठी नसतांना, पुढच्या प्रत्येक विमानाबरोबर तो स्वतःचें विमान घेऊन धरणाकडे जात राहिला. हेतु हा कीं, तोफांचें लक्ष वाटून जावें. पांचव्या बाँबनें भिंत फुटली. मग उरलेल्या विमानांना घेऊन तो एडर धरणाकडे गेला, आणि तेंहि फुटलें. एकोणीस विमानांपैकीं आठ परत आलीं नाहींत. ५३ माणसें मेलीं, तिघे शत्रूच्या हातीं सांपडले. एका रात्रींत, एका पथकांतून!

या पराक्रमापुढें नाक मुरडणारास आम्हीं एवढेंच विचारावें, कीं आपण कधीं दुसऱ्यावरची गोळी आपल्याकडे यावी म्हणून दोन पावलें पुढें सरलों आहों काय?

त्यानंतर सरकारनें त्याला उड्डाणांपासून दूर ठेवलें. अमेरिका-कॅनडांत भाषणें करावयास पाठविलें, पुस्तक लिहावयास बसविलें, हुजूरपक्षाच्या उमेदवारीपर्यंतहि गोष्ट गेली. परंतु मनुष्य अस्वस्थ होता. विनवण्या करकरून त्यानें पुन्हां उड्डाणाची परवानगी मिळविली, आणि १९ सप्टेंबर १९४४ च्या रात्रीं राइट व म्युन्शेनग्लाडबाख या शहरांवरील हल्ल्याचें सूत्रचालन करण्यासाठीं तो दोन माणसांच्या मॉस्किटो या बाँबफेक्या विमानांतून गेला. या विमानाची त्याला पुरेशी संवय नव्हती. परततांना हॉलंडमधील स्टीनबर्गेन या गांवाजवळ विमान कोसळून जळालें. कां कोसळलें, याविषयीं आजवर तर्कच चालले आहेत. कोणी म्हणतात इंधनाची टांकी वेळेवर बदलली गेली नाहीं, कोणी म्हणतात तोफेचा मारा लागला, तर कोणी आपल्याच पक्षाच्या विमानानें चुकून गोळ्या झाडल्या असें म्हणतात. गांवकऱ्यांना हातीं इतकें थोडें लागलें कीं, मेलेला एक कीं दोन, हेंच प्रथम समजेना. सत्तावीस वर्षेंहि पुरीं न झालेल्या त्या जगप्रसिद्ध वीराची ओळख पटण्यास त्याच्या मोज्यावरील धोब्याची खूण कारणीं लागली.

आतां त्या बोलपटाकडे वळूं. बोलपट वाईट नाहीं. किंबहुना पुष्कळ चांगला आहे, आणि म्हणूनच त्याच्याशीं भांडण्यांत अर्थ आहे. त्याच्या शेवटीं विजयाचा जल्लोष नाहीं. वॉलिस हा परत न आलेल्या वैमानिकांचा आंकडा ऐकून व्याकुळ होतो, आणि गिब्सन मृतांच्या घरीं पत्रें लिहावयास निघून जातो. गिब्सनचा स्वतःचा मृत्यु तेथें नाहीं. आणि दुसरेंहि एक तेथें नाहीं. पाणी कोसळतें, खोरें भरतें, यंत्रागारांत लोंढा घुसतो, एवढें दिसतें. परंतु त्या खोऱ्यांत घरें होतीं, घरांत माणसें होतीं, आणि तीं मध्यरात्रीं निजलेलीं होतीं, याचा शोक करावयास त्या शेवटच्या प्रसंगांत कोणी उभें नाहीं. अश्रु आहेत, पण ते मोजून आपल्याच बाजूच्या मेलेल्यांपुरते आहेत.

त्या रात्रीं सुमारें १३०० माणसें बुडालीं असें पूर्वींपासून मानलें जातें. अलीकडील संशोधक हा आंकडा १६०० पर्यंत नेतात. आणि या मृतांत निम्म्याहून अधिक जर्मन नव्हते. म्योनच्या खालीं नेहाइम येथें वेठीच्या मजुरांची छावणी होती. हिटलरच्या सैन्यानें जिंकलेल्या प्रदेशांतून, मुख्यतः युक्रेनमधून, गुरांसारख्या डब्यांत भरून आणलेल्या तरुण स्त्रिया तेथें लांकडी बराकींतून कोंडल्या होत्या. ज्या कारखान्यांचें पाणी तोडावयाचें होतें त्याच कारखान्यांत त्यांना राबवीत असत. जर्मन नागरिकांपैकीं कित्येकांना टेंकडीवर पळतां आलें. कुंपणाआड कोंडलेल्यांना तें शक्य नव्हतें. म्हणजे ज्यांच्या मुक्ततेसाठीं युद्ध चाललें होतें असें आपण म्हणतों, त्यांच्यापैकीं शेंकडों जणी मुक्तिदात्यांनीं सोडलेल्या पाण्यांत, जुलुमी धन्याच्या कुलपाआड बुडाल्या. या गोष्टीवर बोलपट निघाला असता तर त्यांत टाळी कोठें वाजवावी हें प्रेक्षकांस ठरवितां आलें नसतें.

पुण्याच्या माणसानें तरी त्या दृश्याला टाळी वाजवूं नये, असें आमचें म्हणणें आहे, आणि येथें आम्हांस थोडें घरचें सांगावें लागतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें जुनें धरणहि खचलें, आणि मुठेच्या कांठच्या पेठाच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. आमच्या मातोश्री तेव्हां नव्या नवरीच होत्या. त्यांचें बिऱ्हाड नदीकांठच्या एका वाड्यांत होतें. सायकलवरून ओरडत जाणाऱ्या एका पोराचें ऐकून त्या सासूबाईंना घेऊन, अंगावरच्या लुगड्यानिशीं निघाल्या, म्हणून वांचल्या. आणि त्या वांचल्या म्हणून आज हे शब्द लिहिले जात आहेत. त्या वाड्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ आम्हीं लहानपणीं पाहिली आहे. तिच्या खालचा चुना निराळ्याच रंगाचा दिसे. आमची उंची वाढत गेली तरी ती रेघ आमच्या डोक्याच्या पुष्कळ वरच राहिली.

पुढें केव्हां तरी हाच बोलपट आमच्या घरीं दूरदर्शन-संचावर लागला होता. आम्ही तेव्हां कॉलेजांत शिकत होतों आणि विमानांच्या प्रेमांत होतों. धरण फुटलें तसे आम्ही खुर्चीवरून उठलोंच. मातोश्री मागें बसून शेंगा सोलीत होत्या. त्यांना इंग्रजी येत नसे, गोष्टहि नीट कळली नव्हती. त्यांनीं फक्त विचारलें, “खालच्या लोकांना कुणी सांगितलं होतं का रे?” आम्हीं कांहीं तरी उत्तर दिलें, युद्ध आहे, शत्रु आहे, असेंच कांहीं असावें. त्या उठून आंत गेल्या.

तो प्रश्न अडाणी बाईचा भाबडा प्रश्न होता असें आम्हांस पुष्कळ वर्षें वाटत असे. मग गिब्सनचें पुस्तक आमच्या हातीं आलें. त्याच्या मृत्यूनंतर, १९४६ सालीं, ‘एनिमी कोस्ट अहेड’ या नांवानें तें प्रसिद्ध झालें. त्यांत तो धरण फुटल्याचें वर्णन करतांना कबूल करतो कीं, या पाण्यांत माणसें बुडतील हें आपल्या लक्षांतच आलें नव्हतें. धरणाच्या राखणदारांनीं खालच्या लोकांना वेळेवर सावध केलें असेल अशी आपली आशा होती. आणि असा सामुदायिक संहार आपल्या हातून व्हावा हें आपणांस रुचलें नाहीं. म्हणजे शेंगा सोलणारी आमची आई आणि विमानांत बसलेला व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी, या दोघांच्या मनांत अखेर तोच प्रश्न आला. तो ज्यांच्या मनांत आला नाहीं ते आम्ही, विमानांच्या प्रेमांत पडलेले सुशिक्षित.

म्हणून गिब्सनच्या भक्तांना आमचें सांगणें आहे कीं, नेहाइमच्या बायकांची आठवण काढल्यानें तुमच्या वीराचा अपमान होत नाहीं. तुमच्या वीराला ती आठवण तुमच्याआधीं झाली होती. तिला झांकून तुम्ही त्याचें रक्षण करीत नाहीं; ज्या पानावर तो सर्वांत प्रामाणिक आहे तें पान तुम्ही फाडून टाकतां.

इंग्लंडांत या स्मरणाची काय तऱ्हा झाली तीहि पाहण्यासारखी आहे. गिब्सनचा एक काळा कुत्रा होता. हल्ल्याच्याच दिवशीं तो मोटारीखालीं सांपडून मेला आणि स्कॅम्प्टनला पुरला गेला. त्याचें नांव कृष्णवर्णी माणसांना हिणविण्यासाठीं गोरे लोक वापरीत तो शब्द होता, आणि म्योन फुटल्याची खूण म्हणून तोच शब्द तारायंत्रानें पाठविला गेला. २०२० सालीं त्या कुत्र्याच्या थडग्यावरील शिळा हवाई दलानें बदलली, आणि त्यावरून वर्तमानपत्रांत केवढें रण माजलें! इतिहास पुसला जात आहे, असें एक पक्ष ओरडला. अपमान दूर झाला, असें दुसरा. आम्हांस तो शब्द दगडावर हवा होता असें नव्हे; तो गेला हें बरेंच झालें. परंतु कुत्र्याच्या नांवाबद्दल ज्यांनीं स्तंभच्या स्तंभ भरले त्यांपैकीं किती जणांना त्याच रात्रीं मेलेल्या एका तरी युक्रेनियन मुलीचें नांव सांगतां आलें असतें?

एवढ्यानें आमचे सहाध्यापक खूष झाले असतील तर त्यांनीं जरा थांबावें. आतां त्यांची पाळी आहे.

खुनी हा शब्द त्यांनीं फार स्वस्त केला. खून करणाराला कोण मरणार हें ठाऊक असतें, तें त्याला हवें असतें, आणि सामान्यतः तो स्वतः सुरक्षित असतो. येथें या तिन्हींपैकीं एकहि गोष्ट नव्हती. धरण हें १९४३ सालच्या समजुतीप्रमाणें सरळ सरळ लष्करी लक्ष्य होतें. त्याच्या पाण्यावर पोलाद होत होतें, त्या पोलादाचे रणगाडे रशियांत व आफ्रिकेंत माणसें चिरडीत होते. वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री हीं शहरें आधीं कोणीं जाळलीं होतीं हें आम्हीं सांगावयास पाहिजे असें नाहीं. नेहाइमच्या स्त्रियांना कोंडणारा गिब्सन नव्हता. हल्ल्याचा लष्करी लाभ किती झाला यावर अजून मतभेद आहेत. म्योनची भिंत जर्मनांनीं त्याच वर्षीं शरदृतूपर्यंत पुन्हां बांधून काढली, हें खरें, परंतु त्यासाठीं फ्रान्सच्या किनाऱ्यावरील तटबंदीचे हजारों मजूर त्यांना तेथून हलवावे लागले, हेंहि खरें. हा हिशोब चोवीस वर्षांच्या पोरानें रात्रीं साठ फुटांवर करावयाचा नसतो. तो ज्यांनीं नकाशापुढें बसून केला, किंवा केला नाहीं, त्यांना आमचे मित्र कांहीं बोलल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

आणि बोलावयाचेंच असेल तर तेथें पुष्कळ आहे. ब्रिटनच्या बाँबफेक्या दलांत युद्धकाळांत सुमारें १,२५,००० वैमानिक होते; त्यांपैकीं ५५,५७३ मेले. दर शंभरांत चव्वेचाळीस! सरासरी वय बाविसांच्या आसपास. त्यांना हँबर्ग जाळण्यास पाठविलें, ड्रेस्डेन जाळण्यास पाठविलें. आणि १९४५ च्या मार्चमध्यें, विजय दारांत आल्यावर, चर्चिलसाहेबांनीं अशा बाँबफेकीचा फेरविचार व्हावा असें टिपण काढलें, जणूं कांहीं ती दुसऱ्याच कोणाच्या हुकुमानें चालली होती. विजयाच्या भाषणांत या दलाचा उल्लेख त्यांना करवला नाहीं. लंडनच्या ग्रीन पार्कमध्यें या दलाचें स्मारक उभें राहिलें तें २०१२ सालीं. तोंवर जिवंत राहिलेले ते पोरगे नव्वदीला टेकले होते. हुकूम देणारांनीं हात झटकावे आणि हुकूम पाळणारांच्या माथीं पाप मारावें, ही रीत फार जुनी आहे. आमचे मित्र स्वतःस सत्तेचे कडवे टीकाकार म्हणवितात. पण गिब्सनला खुनी म्हणतांना त्यांनीं सत्तेचेंच काम केलें. एका मेलेल्या माणसावर सर्व पाप लोटलें, आणि टेबल मोकळें झालें.

दुसरेंहि एक त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. ‘बायकापोरें’ म्हणून ज्यांचा त्यांनीं पुळका आणला त्यांच्याविषयीं त्यांनाहि कांहीं ठाऊक नव्हतें. छावणीचें नांव त्यांच्या तोंडून आलें नाहीं, युक्रेनचें आलें नाहीं. मेलेल्या बायका त्यांनाहि केवळ वादापुरत्या हव्या होत्या. एकाला टाळीसाठीं पाणी हवें, दुसऱ्याला शिवीसाठीं प्रेतें हवींत!

आतां कोणी विचारील, कीं इंग्रजांच्या वैमानिकाचें आणि जर्मनांच्या धरणाचें हें दळण मराठी मासिकांत कशाला? सिमल्याच्या जन्माचा धागा आम्ही मोठा मानीत नाहीं. परंतु त्या युद्धांत हिंदी सैन्याचे सुमारें ८७,००० जवान मेले. त्यांतले पुष्कळ आमच्या सातारा-रत्नागिरीच्या घरांतले होते, आणि त्यांच्या बाबतींतहि आपण नेमके हेच दोन खेळ खेळत आलों आहों. एका तोंडानें ‘भाडोत्री’, दुसऱ्या तोंडानें ‘रणधुरंधर’. आणि त्या घरीं तार आल्यावर चूल कशी पेटली, हें विचारावयास कोणी गेलें नाहीं. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे, असो.

धरणांचा प्रश्न तर मुळींच परका नाहीं. ज्या युद्धकृत्याला १९४३ सालीं पदक मिळालें त्याच प्रकारचें कृत्य १९७७ सालच्या जिनीव्हा करारांच्या जोडपत्रानें निषिद्ध ठरविलें : धरण फोडल्यानें जर नागरिकांची भयंकर हानि होणार असेल, तर तें लष्करी लक्ष्य असलें तरी त्यावर हल्ला करूं नये, आणि यास अपवाद फार थोडे. म्योनच्या पाण्यांतून निघालेलें शहाणपण त्या कलमांत उतरलें असावें, असें आम्हांस वाटतें. त्या जोडपत्रावर आपल्या देशानें संमतीची मोहोर उठविलेली नाहीं, आणि आपल्या नद्यांवर, सीमेच्या अलीकडे-पलीकडे, किती भिंती उभ्या आहेत हें भूगोलाच्या पुस्तकांत आहे. ६ जून २०२३ रोजीं युक्रेनमधील काखोव्का धरण फुटलें, आणि नीपर नदीकांठचीं गांवें रातोरात जलमय झालीं. नेहाइमला ज्यांच्या मुली बुडाल्या त्यांच्याच देशांत, ऐंशी वर्षांनंतर! तीं दृश्यें आपल्या घरांतील पडद्यांवर आपण पाहिलीं. तेव्हां कोणी टाळी वाजविली नाहीं, कारण त्यांत वैमानिक नव्हता, संगीत नव्हतें, चांदणें नव्हतें. छपरावर बसलेल्या बायका होत्या.

मग स्मरण करावें कसें, हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं. ग्रीन पार्कमधील स्मारकावर दलांतील मृतांबरोबरच, त्या वर्षांत बाँबफेकीनें मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचाहि उल्लेख कोरलेला आहे. पुष्कळ वादानंतर तो आला आणि एका ओळीचाच आहे, तरी आला. परंतु आमच्या मनांत जें उदाहरण राहिलें तें लंडनचें नव्हे. तें त्या लहानशा डच गांवाचें.

गिब्सनची कीर्ति सांगणाऱ्यांना एक नांव बहुधा आठवत नाहीं. त्या शेवटच्या रात्रीं मॉस्किटोमध्यें त्याच्या शेजारीं, नकाशा व होकायंत्र पाहून वाट सांगणारा एक नॅव्हिगेटर बसला होता. स्क्वाड्रन लीडर जेम्स वॉरिक, उत्तर आयर्लंडचा. त्यानें पूर्वीं आपल्या फेऱ्या पुऱ्या केल्या होत्या, पराक्रमाचें पदक मिळविलें होतें. त्याच्यावर बोलपट नाहीं. आमच्या अभियंत्याच्या व्याख्यानांत त्याचें नांव आलें नाहीं, आणि सहाध्यापकांच्या आरोपपत्रांतहि आलें नाहीं. खुनी ठरण्याइतकीहि प्रसिद्धि त्याच्या वाट्याला आली नाहीं. परंतु स्टीनबर्गेनच्या लोकांनीं, जर्मन अंमल चालू असतांनाच, जें कांहीं हातीं लागलें होतें तें गोळा केलें आणि आपल्या कॅथलिक स्मशानभूमींत पुरलें. आज तेथें दोन दगड शेजारींशेजारीं आहेत, सारख्याच मापाचे. पुढें विमान पडलें त्या बाजूला गांव वाढलें, तेव्हां एका रस्त्याला गिब्सनचें नांव दिलें, आणि दुसऱ्याला वॉरिकचें.

त्या अभियंत्याला आम्हीं परवां पत्र टाकलें आहे. व्याख्यान पुन्हां द्यावें, बोलपटाचा तोच भाग पुन्हां दाखवावा, मात्र भिंत फुटल्यावर यंत्र बंद न करतां दिवे लावावेत आणि नेहाइमचा नकाशा पडद्यावर टांगावा, अशी विनंति केली आहे. वॉरिकचें नांवहि कळविलें आहे. सहाध्यापकांनाहि बोलावलें आहे. ते येतों म्हणाले. तारीख ठरावयाची आहे.